चौकाच्या तीस पावलं अलीकडे : पुण्यातल्या एका सायकल ट्रॅकचं प्रकरण

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी सायकलवर येतात. सायकल मुळात त्यांच्या मुलीची. गुलाबी रंगाची, मडगार्डवर अर्धवट खरवडलेले स्टिकर, पुढे तारेचं बास्केट. मुलगी कॉलेजात गेली, तिला स्कूटी मिळाली आणि सायकल आईच्या वाट्याला आली. ओढणी कमरेला गाठ मारून, बास्केटमध्ये पाण्याची बाटली आणि सीटवर घालायची प्लॅस्टिकची पिशवी टाकून मावशी सकाळी सहाला निघतात. पाच घरं करून दुपारी एकपर्यंत परत. सगळं मिळून दहाएक किलोमीटर होत असतील.

सायकलवर मीही असतो. माझी गिअरची, हेल्मेट वेगळं, मागे लुकलुकणारा लाल दिवा. ऑफिसात मला लोक म्हणतात, "मानलं हं तुम्हाला, फिट राहता!" मावशींना आमच्याच सोसायटीतल्या बायका विचारतात, "अजून गाडी नाही घेतली का हो?" पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं.

आमच्या दोघांच्या वाटेत एक रस्ता सामाईक आहे. त्याच्या डाव्या अंगाला सायकल ट्रॅक आहे. फलक आहे, डांबरावर रंगवलेलं सायकलचं चित्र आहे, मध्ये छान सावलीही आहे. मी ट्रॅकवरून जातो. मावशी कधीच जात नाहीत. त्या ट्रॅकला चिकटून, रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या पट्टीवरून, बसच्या मागे-पुढे चालवतात. एकदा त्या पोळ्या लाटत असताना मी विचारलं, मावशी, ट्रॅक सोडून त्या बसच्या तोंडी कशाला जाता?

"दादा, वर चढायला हाय. उतरायला कुठंय?"

हे सगळं प्रकरण त्या प्रश्नाचं आहे.

टेप घेऊन एक रविवार

मावशींचं म्हणणं पडताळायला एका रविवारी सकाळी मी टेप घेऊन तो ट्रॅक पायी चाललो. कुठला रस्ता ते लिहीत नाही. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्याच भागातला वाटेल.

लांबी साधारण सव्वा किलोमीटर. सुरुवातीला दोन बोलार्ड, म्हणजे दुचाक्या घुसू नयेत म्हणून रोवलेले खांब. त्यांतल्या एकाला कधीतरी काहीतरी धडकलं असावं, तो आत कलला आहे. माझं हँडल त्यातून जेमतेम निघतं. कॅरियरला दोन्ही बाजूंनी किटल्या लावलेला दूधवाला तिथून जाऊच शकत नाही, आणि दुचाक्या मात्र थोड्या पुढे सोसायटीच्या गेटातून आरामात वर येतात. म्हणजे चाळणी उलटी बसली आहे.

त्यानंतरचे दोनशे-अडीचशे मीटर खरोखर चांगले. रुंदी दोन मीटरच्या वर, पृष्ठभाग सपाट. हे मुद्दाम सांगतो, कारण पुण्यात सायकल ट्रॅकवर लिहायचं म्हणजे खड्ड्यांवर विनोद करायचे, अशी रीत पडली आहे. काम वाईट नव्हतं. ज्याने हा तुकडा केला त्याला काम येत होतं.

मग पहिलं गेट. सोसायटीतल्या मोटारींना सुखाने बाहेर पडता यावं म्हणून तिथे ट्रॅक खाली उतरतो आणि गेटानंतर पुन्हा वर चढतो. मोटारीसाठी रस्ता वाकत नाही, सायकलसाठी ट्रॅक वाकतो. अशी नऊ गेटं. प्रत्येक ठिकाणी पॅडल थांबतं, सीटवरून किंचित उठावं लागतं. गिअरच्या सायकलला ते जाणवत नाही. मुलीच्या जुन्या सायकलवर पाच घरांच्या कणका मळलेली बाई चालवत असेल तर जाणवतं.

पुढे विजेचा डीपी, त्याच्या दाराला उघडायला जागा हवी म्हणून ट्रॅक अर्धा. मग उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याची दोन बाकडी आणि चिपाडाचा ढीग. एक चेंबर, ज्याचं झाकण ट्रॅकच्या पातळीहून दोन बोटं वर. एक बसथांबा, जिथे प्रवासी साहजिकच ट्रॅकवर उभे असतात, कारण उभं राहायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. त्यांना घंटी वाजवणं मला जमत नाही. मी उतरून चालत जातो.

आणि मग शेवट. चौक समोर दिसतोय, सिग्नलचा आकडा वाचता येतोय, आणि तिथे ट्रॅक संपतो. मी पावलं मोजली, तीस. टोकाला एक वीतभर उंच कर्ब, म्हणजे कडेचा दगडी काठ, उतार नाही. फुटपाथ तेवढ्यापुरता अरुंद झालेला, कारण त्या जागेत डावीकडे वळणाऱ्यांसाठी एक जादा पट्टा काढला आहे. फ्री लेफ्ट. सिग्नल लाल असो की हिरवा, डावीकडची वाहनं थांबत नाहीत. सायकलवाल्याला सरळ जायचं असेल तर त्याने वीतभर उंचीवरून सायकल उचलून खाली ठेवायची, वळत्या प्रवाहाला आडवं छेदायचं आणि सरळ जाणाऱ्या रांगेत मध्यभागी जाऊन उभं राहायचं. सव्वा किलोमीटर ज्या वाहनांपासून त्याला जपलं, त्यांच्या ऐन घोळक्यात त्याला आणून सोडलं आहे, तेही पायउतार अवस्थेत.

मावशी रस्त्यावरून येतात तेव्हा निदान त्या आधीपासून वाहनांच्या नजरेत असतात. मागच्या बसच्या ड्रायव्हरने त्यांना दोनशे मीटर पाहिलेलं असतं. ट्रॅकवरून उतरणारा मी त्याला अचानक दिसतो. मावशी चुकत नव्हत्या. चुकत मी होतो, आणि माझ्याकडे हेल्मेट होतं.

मुळात पुण्याने सायकलला काय दिलं होतं?

पुणं हे सायकलींचं शहर होतं, असं म्हणताना पुणेकराचा सूर आपोआप थोडा वर जातो. आठवणी खऱ्या आहेत. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा कसा यायचा, हे तिकडच्या जुन्या लोकांकडून ऐकावं. तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकली, मधल्या दांडीतून पाय घालून शिकणारी पोरं, वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइल' करून आणणं, नगरपालिकेचा बिल्ला, दिवा नाही म्हणून आणि डबलसीट म्हणून पकडणारा पोलीस. पाहा, त्या सुवर्णकाळातही पोलीस सायकलवाल्यालाच पकडत होता.

पण त्या पुण्याने सायकलसाठी केलं काय होतं? ट्रॅक नव्हते, आराखडा नव्हता, विभाग नव्हता. शहर पेठांचं, सपाट, नदीच्या अल्याडपल्याड चार-पाच किलोमीटरांत मावणारं. शाळा, कचेरी, मंडई सगळं वीस मिनिटांच्या पॅडलात. आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर सायकलहून वेगवान फारसं काही नव्हतं. शहर सायकलला अनुकूल होतं ते कुणी ठरवून नव्हे. तो योगायोग होता, आणि योगायोग सांभाळायची व्यवस्था कुणी करत नाही.

तो मोडला तोही पुण्याच्याच कंपन्यांच्या यंत्रांनी. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली, त्याच वर्षी बजाजची चेतक. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस होते, तरी दिशा ठरली. १९५० मध्ये सुरू झालेली पीएमटी, म्हणजे पालिकेची बससेवा, वाढत्या शहरामागे धावत राहिली, कधी गाठ पडली नाही. कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर करत शहर पसरलं. मग हिंजवडी आली. पाच किलोमीटरांचे पंधरा झाले. बस वेळेवर येत नाही आणि सायकल पुरत नाही, यांच्या मधल्या फटीत दुचाकी बसली. २०१८ साली शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली : ३५ लाख माणसं, ३६ लाख वाहनं. त्यांतली बहुतेक दुचाकी. या दुचाक्यांवर बसलेली माणसं बव्हंशी कालची सायकलवालीच होती, त्यामुळे पुण्यात सायकलवाल्यावर कुणी चिडत नाही. फक्त त्याला आपला भूतकाळ समजून बाजूला सारतात.

वाहनं वाढली तशी एकेरी वाहतूक आली. फर्ग्युसन रस्ता एका दिशेने, जंगली महाराज रस्ता उलट दिशेने, लक्ष्मी रस्ता एकेरी. इंजिनावर बसलेल्याला वळसा म्हणजे दोन मिनिटं. पायाने वळसा घालणाऱ्याला तो घाम काढतो. शिवाय एकेरी रस्त्यावर समोरून कुणी येत नाही म्हटल्यावर वेग वाढतो. युरोपातल्या कित्येक शहरांत एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जायची मुभा असते, तेवढी एक पाटी लावलेली असते. आपल्याकडे उलट जाणारा सायकलवाला राँग साइड ठरतो. मावशी रोज एका ठिकाणी तसं करतात, शंभरेक मीटर. कायद्याने जायचं तर त्यांना दोन चौक जास्त लागतील. त्या दोन चौकांपेक्षा त्यांना कायदा मोडणं सुरक्षित वाटतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

ट्रॅक, आराखडा आणि रंगीत सायकली

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. बससाठी राखीव मार्गिका आणि त्याच रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक, अशी ती कल्पना. त्या सुमारास केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा पैसा शहरांना मिळू लागला होता, आणि २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण वाहनांपेक्षा माणसं हलवा असं सांगत होतं. रस्ता नव्याने करायचा तर त्यात सायकल दाखवायची, हे तेव्हा रुळलं. शहरात ट्रॅक दिसू लागले. ट्रॅक तिथे बांधले गेले जिथे रस्ता आधीच रुंद होता. जिथे गरज होती, तिथे जागा नव्हती.

शहरातल्या वाहतुकीवर काम करणाऱ्या 'परिसर'सारख्या संस्था हे अनेक वर्षं सांगत आल्या आहेत. त्या रेट्यातूनही असेल, पण डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागद म्हणून तो चांगला आहे. सुटे ट्रॅक नकोत, जाळं हवं, चौकांची वेगळी रचना हवी, पार्किंग हवं, सायकलसाठी स्वतंत्र विभाग हवा, हे त्यात आहे. जाळ्याची लांबी सुमारे आठशे किलोमीटर. भारतात इतक्या तपशिलाने सायकलचा विचार फार थोड्या शहरांनी केला असेल.

आणि त्याच महिन्यात रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. औंधात आणि विद्यापीठाच्या आवारात पेडल, मग ओफोच्या पिवळ्या, युलूच्या निळ्या, पुढच्या वर्षी मोबाइक. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, हवं तिथे सोडायची. पहिले काही आठवडे आनंदाचे होते. कॉलेजची पोरं, आजोबा, सगळे एक चक्कर मारून यायचे. ओफोने २०१८ च्या मध्यावर भारतातूनच गाशा गुंडाळला, बाकीच्यांचा जोरही वर्ष-दोन वर्षांत ओसरला. कुलपं तोडलेल्या, सीट काढलेल्या, ओढ्यात टाकलेल्या सायकलींचे फोटो तेवढे लक्षात राहिले आणि 'आपल्या लोकांना चांगलं काही देऊ नये' हा नेहमीचा निष्कर्ष निघाला.

मला तो निष्कर्ष आळशी वाटतो. मोडतोड झाली हे खरं, आणि ओफोचं तर चीनमधलं घरच कोसळत होतं. पण आधीचा प्रश्न असा की या सायकली घेऊन जायचं कुठे? सायकल नव्हती म्हणून पुण्यात कुणी सायकल चालवायचं थांबलं नव्हतं. निम्म्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हवा गेलेल्या सायकली कोळिष्टकं धरून उभ्या आहेत. थांबले ते चौकामुळे. चौक होता तसाच ठेवून दारात आणखी एक सायकल आणून उभी केली तर ती फार तर विद्यापीठाच्या आवारात फिरणार. तिथे ती फिरलीही.

गरजेपोटी सायकल चालवणाऱ्यांशी या योजनेचा संबंध नव्हताच. मावशींना मी तेव्हा विचारलं नव्हतं, आत्ता विचारलं. म्हणाल्या, "त्याला ते मोबाइलवर पैसं टाकायला लागायचं ना?" विषय संपला.

रनिंग मीटर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ट्रॅक नेमका चौकाच्या अलीकडे का संपतो? निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल, पण निष्काळजीपणा इतका नियमित नसतो. शहराच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठेकेदारांनी केलेले ट्रॅक त्याच जागी संपत असतील तर ती जागा कुणीतरी, काहीतरी ठरवत असणार.

माझं उत्तर असं : ट्रॅकचं मोजमाप रनिंग मीटरमध्ये, म्हणजे नुसत्या लांबीवर होतं. अंदाजपत्रक रनिंग मीटरमध्ये, बिल रनिंग मीटरमध्ये, 'शहरात इतके किलोमीटर ट्रॅक झाले' ही बातमीही तशीच. दोन चौकांमधला सरळ तुकडा या हिशेबात फार सोयीचा. चौक मात्र रनिंग मीटरमध्ये बसत नाही. चौकात ट्रॅक न्यायचा म्हणजे लांबी वाढते पंधरा मीटर, आणि कटकट होते पंधरा महिन्यांची. सिग्नलची वेळ बदलायची तर वाहतूक पोलीस. फ्री लेफ्ट बंद करायचा तर त्या पट्ट्यावर रोज वळणारे हजारो दुचाकीवाले, त्यांत नगरसेवकाचे मतदार. कोपरा आत घ्यायचा तर कोपऱ्यावरची टपरी, तिच्यामागचा डीपी, त्याखालचं चेंबर, आणि या प्रत्येकाचं खातं वेगळं. सरळ तुकड्याला एक सही पुरते.

आणि अपघाताची भीती कुठे असते? सरळ रस्त्यावर सायकलवाला डावीकडून आपला जात असतो, मागचे त्याला वळसा घालून जातात. वाटा एकमेकींना छेदतात त्या चौकात. म्हणजे जिथे संरक्षण सर्वांत कमी लागतं तिथे ते सर्वांत जास्त बांधलं गेलं. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकची संहिता १९६२ सालीच काढली होती, २०१५ मध्ये सुधारून घेतली. म्हणजे अज्ञान ही सबब नाही.

लोक वेगाचं कारण पुढे करतात. सायकलला जागा दिली तर वाहतूक मंदावेल. टॉमटॉम या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं आलं : दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. ताशी १८ किलोमीटर. माझी सायकल सपाटीवर तेवढीच चालते. मंदावायला काही उरलेलंच नाही. पण सरासरी कुणाला धडकत नाही. दोन सिग्नलांच्या मध्ये मोकळं मिळालं की प्रत्येक जण तो १८ चा राग पन्नासने काढतो, आणि सायकलवाल्याच्या वाट्याला तो पन्नास येतो.

दोन दुसरी शहरं

तुलनेला कोपनहेगन आणायची पद्धत आहे. त्याचा उपयोग होत नाही. ऐकणारा म्हणतो, त्यांची गोष्ट वेगळी.

म्हणून स्पेनमधलं सेव्हिल. २००० च्या सुमारास तिथे सायकल जवळजवळ दिसत नव्हती. उन्हाळा असा की पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे 'आपल्या हवेत जमत नाही' म्हणणाऱ्या पुणेकराने जरा गप्प बसावं. २००६ नंतर तिथल्या नगरप्रशासनाने ऐंशी किलोमीटरांचं जाळं जवळपास एका दमात बांधलं, पुढे ते १२० च्या आसपास गेलं. त्यासाठी मोटारींच्या सुमारे पाच हजार पार्किंगच्या जागा काढल्या. ट्रॅक फार देखणे नाहीत, कित्येक ठिकाणी अरुंद आहेत. पण ते जोडलेले आहेत, चौकाच्या आरपार जातात. काही वर्षांत दिवसाला सहा-सात हजार असलेल्या सायकलफेऱ्या सत्तर हजारांच्या घरात गेल्या. आपल्या आठशेच्या आराखड्यापुढे ऐंशी म्हणजे दहावा हिस्सा. पण तो हिस्सा सलग होता. लोंबकळणारे ऐंशी तुकडे बांधले असते तर सेव्हिलचं नाव मला इथे लिहावं लागलं नसतं.

दुसरं कोलकाता. तिथे वैर उघड आहे. २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली. दूधवाले, पेपरवाले, मजूर, सगळ्यांना दंड. अन्याय ढळढळीत होता, म्हणून त्याविरुद्ध उभं राहता आलं, मोर्चे निघाले, पुढे बंदी थोडी सैल झाली. पुण्यात कुठे मोर्चा काढणार? इथे बंदी नाही. इथे फलकावर सायकलचं चित्र आहे, आराखडा मंजूर आहे, मेट्रोत सायकल नेता येते, सायकल दिनाला मान्यवर टोपी घालून दोन चौक सायकल चालवतात. ज्याला सगळे हो म्हणतात त्याविरुद्ध भांडायला शब्द सापडत नाहीत. मला विचाराल तर प्रतिकूल शहरांत पुण्याची जात जास्त अवघड आहे.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडबद्दल एकच वाक्य : केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत पिंपरी-चिंचवड होतं, नागपूर होतं, पुणं नव्हतं.

मावशींची वाट

आठशे किलोमीटर बाजूला ठेवून मी मावशींची वाट कागदावर काढली. घर ते शेवटचं काम, चार किलोमीटर. त्यात दोन मोठे चौक, एक एकेरी गल्ली, एक पूल. आहे तो ट्रॅक हातही न लावता तसाच ठेवला तरी चालेल. दोन्ही चौकांतला फ्री लेफ्ट बंद करून कोपरा बाहेर काढला, म्हणजे वळणाऱ्याला वेग कमी करावाच लागेल. ट्रॅकच्या टोकाला कर्बऐवजी उतार, आणि तिथून चौकाच्या पलीकडपर्यंत थोडी उंचावलेली, रंगवलेली पट्टी. एकेरी गल्लीत सायकलला उलट जायची मुभा देणारी पाटी. गुऱ्हाळवाल्याला हुसकवायचीही गरज नाही, त्याची बाकडी भिंतीच्या बाजूला सरकवली तर भागतं. मी बोललो त्याच्याशी. तो म्हणाला, "सायकली येऊ दे की, रस पितील." बसथांबा पुढे सरकवणं मात्र अवघड आहे, ते मला सुटलेलं नाही. थांब्यामागून ट्रॅक न्यायचा तर एक झाड जातं.

कागद मी एका ओळखीच्या अभियंत्याला दाखवला. त्याने सगळं नीट पाहिलं, दोन ठिकाणी माझी मापं दुरुस्त केली. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण यात काम काय दाखवणार?" त्याचा सूर टोमण्याचा नव्हता. फाइलवर लिहायला खरोखर काहीच नव्हतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या मान्यतेची, पाच दिवसांची, चारशे किलोमीटरांहून जास्त अंतराची शर्यत. त्यासाठी शहर-जिल्ह्यातले कित्येक रस्ते नव्याने गुळगुळीत केले होते, आणि तसे रस्ते पुण्यात होऊ शकतात हे पाहून मला खरोखर बरं वाटलं. पहिल्या दिवशीची छोटी शर्यत ऐन शहरात होती. मी अर्धी रजा टाकून बघायला गेलो. गर्दी कठड्यांना लागून उभी, मुलांच्या हातात झेंडे. थोड्या वेळाने बघतो तो शेजारी मावशी. चौथं घर आटपून पाचव्याला निघालेल्या, रस्ता बंद म्हणून उतरून सायकल धरून उभ्या. गुलाबी सायकलचं पुढचं चाक कठड्याच्या सळ्यांत टेकवलेलं.

समोरून एक खेळाडू सणसणत गेला. चाकांचा आवाज आधी आला, माणूस नंतर दिसला. पाठोपाठ दुसरा. चौकात ते दोघंही न थांबता, अंग आत झुकवून, रस्त्याच्या बरोबर मधून वळून गेले.

"ह्यांना सिग्नल नाय का?" मावशींनी विचारलं.

आज नाही, मी म्हणालो.

"किती बारीक टायर हो," त्या म्हणाल्या, आणि आपल्या मागच्या चाकात हवा आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिलं.